रायबंदर पणजीचं उपनगर, की पणजी रायबंदरचं?

पाटोवाला

'पणजीपासून दहा मिनिटांवर, मांडवीकाठी निवांत फ्लॅट.' रायबंदरच्या घरांच्या जाहिराती अशाच असतात, आणि बोलताना आपणही तेच म्हणतो: पणजीचं उपनगर. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

सतराव्या शतकातलं चित्र आठवा. राजधानी जुन्या गोव्यात. तिथून मांडवीच्या काठाने पश्चिमेला आलं की पानेली, मग रायबंदर. आणि रायबंदर संपलं की रस्ताही संपला. पुढे खाजन (भरतीच्या पाण्याची सखल जमीन), खारफुटी, चिखल, आणि त्या सगळ्यापलीकडे पणजी. तिथे जायचं तर होडी. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्यारेसचा कोंद, (काउंट), याने त्या चिखलातून तीन किलोमीटरहून लांब बांध घातला. जांभ्या दगडाचा, आणि मधूनमधून भरतीचं पाणी ये-जा करायला कमानी. 'पोन्ते द लिन्यारेस' हे नाव पुलाचं असलं तरी बराचसा भाग बांधच आहे. पणजीच्या पाटोवरून रायबंदरला आपण ज्या रस्त्याने स्कूटर दामटतो तो हाच.

आता सांगा, हा बांध कोणी कोणासाठी घातला? राजधानीने पणजीला जवळ आणण्यासाठी. रायबंदर तेव्हा शहराच्या बाजूला होतं, पणजी दूरच्या टोकाला. पुढे साथींनी जुनं गोवं ओस पडत गेलं. व्हाइसरॉयचा मुक्काम १६९५ मध्ये पानेलीला आला, १७५९ मध्ये पणजीला गेला, आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' या नावाने पणजी रीतसर राजधानी झाली. या सगळ्यात रायबंदर जागचं हललं नाही. त्याच्या एका अंगाचं शहर मेलं, दुसऱ्या अंगाला नवं उभं राहिलं.

मग उपनगर कोण कोणाचं? तिथे राहिलेल्या, शिकलेल्या, फेरीसाठी ताटकळलेल्या मंडळींनी लिहा. 'छान माहिती' एवढंच लिहिणाऱ्यांनी निदान एक आठवण तरी टाका.

माळ्यातला

पाटोवाले बाब, 'पणजी म्हणजे नुसता चिखल' हे सांगायला गोव्यात सगळ्यांनाच आवडतं. पण पोर्तुगीज यायच्या आधीपासून आदिलशहाचा वाडा पणजीत नदीकाठी उभा होता. १५१० मध्ये आल्बुकेर्क मांडवीत शिरला तेव्हा त्याला आधी पणजीचाच कोट घ्यावा लागला. पुढे त्याच वाड्यात व्हाइसरॉय राहायला आले, आणि मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभाही तिथेच भरली. नदीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर हुकूम चालवणारी जागा पणजी. रायबंदरवाल्यांना ती गलबतं जाताना नुसती दिसायची.

हळदोणेकर

या हिशेबाने उद्या नदीपलीकडचे पर्वरीवाले म्हणतील पणजी आमचं उपनगर. २००० पासून विधानसभा त्यांच्याकडे आहे.

पाटोवाला

@माळ्यातला, कोट होता हे मीही नाकारत नाही. पण चौकी वेगळी आणि नगर वेगळं. तुमच्या पणजीतल्या माळ्याची, फोंतेयनची वस्ती कधीची ते सांगा, मग बोलू.

@हळदोणेकर, पर्वरीला नदी आहे का हो? टेकडीवर बसून मांडवी बघायची, एवढंच ना.

चोडणची सून

तुमचा इतिहास राहू दे जरा बाजूला. नदीकाठचं रायबंदर म्हणजे समोरच्या चोडण बेटावरच्या आम्हा लोकांना एकच गोष्ट: फेरीचा धक्का. माझं अर्धं संसारी आयुष्य तिथे उभं राहून गेलं. सासर चोडणला, नोकरी पणजीत. सकाळची फेरी चुकली की ऑफिसात मस्टरवर लाल रेघ ठरलेली.

लोकांना वाटतं फेरी म्हणजे केवढी मजा, वारा काय, बगळे काय. पर्यटकांना ती मजा आहे. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, पाचेक मिनिटांत पलीकडे, फोटो काढून मोकळे. पावसात धुकं उतरलं, मांडवीला ओढ लागली आणि पलीकडून बोट सुटायचं नाव घेईना, की कळतं नदी म्हणजे काय. बाळंतपणाची बाई, शाळेतली पोरं, भाजीची पाटी, मोटारसायकली, सगळं एका लोखंडी फळीवर.

२०२५ मध्ये रो-रो फेरी आली, त्यात गाड्या बऱ्याच मावतात. मग झालं काय, तर गाड्याच वाढल्या. शनिवार-रविवारी पक्षी बघायला येणाऱ्यांची रांग रायबंदरच्या रस्त्यावर येते आणि आम्ही घरी जाणारे मागे. पूल हवा की नको यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. सासरे म्हणतात पूल झाला की चोडणचंही पर्वरी होणार. नवरा म्हणतो, रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर तुमचं पर्वरी परवडलं.

उपनगर कुणाचं ते तुम्ही ठरवा. आमच्यासाठी शहर रायबंदरच्या धक्क्यावर सुरू होतं.

कोल्हापुरी तांबडा

ताई, शेवटची ओळ एकदम पटली.

मी रायबंदरला एमबीएला होतो. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ मध्ये सुरू झाली ती रायबंदरच्या जुन्या इस्पितळात, नंतर सांखळीच्या बाजूला मोठ्या कॅम्पसवर गेली. आमच्या वेळी सगळं रायबंदरलाच. मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेच्या या इस्पितळात कधीकाळी रुग्ण झोपायचे, तिथे आम्ही ताळेबंद बघत झोपायचो. भिंती अशा जाड की मोबाईलची रेंज खिडकीत उभं राहिल्याशिवाय येत नसे, आणि खिडकीत उभं राहिलं की समोर मांडवी, मग अभ्यास कोण करतो? मँगनीज-लोखंडाच्या मातीने भरलेले बार्ज एकामागून एक मुरगावकडे जायचे. आम्ही त्यांच्यावर पैजा लावायचो, पुढचा बार्ज कुठल्या रंगाचा.

कोल्हापूरहून गेलेल्या माणसाला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल तर शांततेचं. कॉलेजचं गाव असून एक टपरी नीट चालत नव्हती. रात्री आठला पदेराची (पाववाल्याची) सायकलसुद्धा दिसायची नाही.

पुणेरी पाटी

धागा वाचतोय. पणजीला बदली होतेय, रायबंदरला नदीसमोर भाड्याने घर मिळतंय, भाडं पणजीपेक्षा बरंच कमी. घ्यावं का? इतिहासात फार रस नाही, स्पष्टच सांगतो.

माळ्यातला

@पुणेरी पाटी, नाव सार्थ केलंत.

गच्चीवरची भुतं

घ्या, पण पावसाळ्यात एकदा बघून घ्या. नदीकडच्या भिंतीला हात लावा. तळहात ओला झाला तर कपाटातले कपडे, पुस्तकं, चामड्याचे बूट सगळ्याला बुरशी धरणार. तळमजला असेल तर विचारा की मोठ्या भरतीला गटार उलटं वाहतं का. घरमालक नाही म्हणेल, शेजारची म्हातारी खरं सांगेल.

दुसरं, गाडी कुठे लावणार? जुन्या भागात घराची पायरी थेट रस्त्यावर उतरते. बस गेली की बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसलेला माणूस पाय आत घेतो. जुन्या गोव्याकडे जाणारी मोठी वाहतूक आता कदंब पठारावरून जाते म्हणून बरं. पूर्वी हाच राष्ट्रीय महामार्ग होता आणि फोंड्याकडचे ट्रक याच बोळातून जायचे.

आगरातलं मीठ

पाटोवाल्यांनी बांधाबद्दल लिहिलं, पण बांधाच्या दोन्ही अंगांना जे आहे त्याबद्दल एकाच शब्दात उरकलं. माझं आजोळ तिथलं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बांधाच्या दोन्ही बाजूंना दिसतं ते मिठागर, आमच्याकडे आगर म्हणतात. आता बहुतेक पडीक आहे, नुसतं पाणी आणि खारफुटी. माझे आजोबा त्यात काम करायचे. पाऊस संपला की आगरातलं पाणी उपसायचं, मोडलेले बांध चिखलाने लिंपायचे, मग वाफ्याचा तळ पायांनी मळून, फळीने चोपून असा घट्ट करायचा की पाणी जमिनीत मुरू नये. हे काम नीट झालं नाही तर मीठ काळं निघतं आणि वर्षाचं पीक गेलं. मग मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार उघडून भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं. आधी मोठ्या वाफ्यात, तिथे उन्हाने थोडं आटलं की पुढच्यात, आणि शेवटी लहान वाफ्यात. तिथे मिठाचा थर धरला की लांब दांड्याच्या फळीने हलक्या हाताने ओढून काठावर रास घालायची. हात जड पडला तर मिठाबरोबर चिखल येतो. मार्च ते मे एवढीच कमाईची मुदत, आणि वळवाची एक जोराची सर आली तर वाफ्यातलं मीठ पुन्हा पाणी.

एवढ्या साध्या वस्तूवर राजकारण किती झालं बघा. गोव्याचं मीठ स्वस्त, ते चोरून ब्रिटिश हद्दीत जायचं आणि त्यांचा मीठकर बुडायचा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात मग गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि विक्री ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. तह १८९२ मध्ये संपला, तोपर्यंत बरीच आगरं बंद पडली आणि आगरात राबणारी माणसं दुसऱ्या कामाला लागली. आमच्या घरात ही तारीख कोणाला ठाऊक नव्हती, पण 'इंग्रजांनी आगर बंद केलं' हे पणजी सांगायची. (पणजी म्हणजे आजीची आई हो, शहर नव्हे.)

आज कोणी आगर का करत नाही? मजूर मिळत नाहीत, पिशवीतलं आयोडीनयुक्त मीठ स्वस्त, आणि नदीच्या पाण्यावर आता तेलाचा तवंग असतो. माझ्या मामांनी सोडलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असं मला तरी दिसलं नाही. कंबर मोडली होती त्यांची. मिठागरांच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक लोक आगरात कधी उतरलेले नसतात.

हळदोणेकर

दंडवत. या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

दुर्बीणबाई

@आगरातलं मीठ, एक भर घालते. मी हिवाळ्यात त्या बांधावर पक्षी बघायला उभी असते, बसवाले शिव्या देतात ते वेगळं. लोकांना वाटतं आगर पडीक पडलं की निसर्गाला बरं. पाणपक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही. तुतवार, टिलवे यांसारख्या चिखलात चोच घालून खाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांना बोटभर पाणी लागतं. चालू आगरात ते असतं. पडीक आगराचा बांध फुटला की पाणी खोल होतं, मग खारफुटी पसरते, आणि या पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही. खारफुटीचे पक्षी वेगळे, त्यांच्यासाठी समोर चोडणला सालीम अली अभयारण्य आहेच, १९८८ पासून, पावणेदोन चौरस किलोमीटरचं.

तेव्हा तुमच्या आजोबांनी मळलेल्या चिखलावर सैबेरियाकडचे पाहुणे जेवत होते.

आगरातलं मीठ

आजोबा त्यांना हुसकवायचे. वाफ्यात पाय उमटतात म्हणून.

तिसऱ्यांचं सुकं

इतका वेळ मानशीचा विषय निघाला आणि मासळीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणजे धाग्यावर सगळे शाकाहारी आहेत की काय? मानशीच्या दाराला जाळं लावून ओहोटीच्या वेळी जे मिळतं त्याची चव समुद्राच्या मासळीला नाही. सुंगटं, काळुंदर, शेवटे, आणि नशीब असेल तर चणक. खाजनातल्या मानशींचा लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. पावणी घेणारा मासे काढतो आणि बांध राखायची जबाबदारी शेतकऱ्यांच्या संस्थेची. आता पुष्कळ ठिकाणी मासे काढणारा खूश आणि बांध फुटलेला.

माळ्यातला

@तिसऱ्यांचं सुकं, तुमच्या नावाकडे बघून भूक लागली. बाजारात आज तिसऱ्या कशा दिल्या?

तिसऱ्यांचं सुकं

विचारू नका. सोनं घेतलं असतं.

दोडामार्गचा भाचा

१९८६ चा विषय कोणी काढला नाही. ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० चा पूल, सोळा वर्षांत गेला. मामा पणजीत होते, ते सांगायचे की त्यानंतर नदीच्या दोन्ही काठांचे तालुके, बार्देश आणि तिसवाडी, पुन्हा फेरीवर आले. पणजीसमोरच्या बेतीच्या फेरीला ही गर्दी, म्हणून ज्यांना जमेल ते चोडणवरून रायबंदरला उतरायचे आणि या जुन्या बांधावरून पणजीला. नवा पूल १९९२ मध्ये झाला, अटल सेतू तर २०१९ चा.

मामा एक वाक्य नेहमी ऐकवायचे: सोळा वर्षांचा पडला, साडेतीनशे वर्षांचा उभा राहिला. मी इंजिनियर झाल्यावर त्यांना सांगून बघितलं की बांध आणि मोठ्या गाळ्याचा पूल यांची तुलना होत नाही, बांधाखाली सगळीकडे भराव असतो. ते म्हणाले, तुझी पदवी तुझ्याकडे ठेव.

बलकांव

मी रायबंदरला जन्मलो, अजून तिथेच राहतो. धागा छान चाललाय, पण 'वारसा वारसा' ऐकलं की मला थोडा राग येतो, तो का ते सांगतो.

रस्त्याने जाताना तुम्हाला ती घरं दिसतात ना, शिंपल्यांच्या खिडक्या, कोसळलेली कौलं, आतून वर आलेला पिंपळ. बाहेरचे लोक म्हणतात, गोवेकरांना किंमत नाही. किंमत आहे, हिस्से मोडत नाहीत. गोव्याच्या नागरी कायद्यात सगळ्या मुलांना, मुलींनाही, समान वाटा. बाप आपल्या मर्जीने निम्म्यापेक्षा जास्त कोणाला देऊ शकत नाही, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा एकत्रच धरतात. न्याय्य कायदा आहे, माझ्या बहिणीला त्याचा फायदा झाला आणि व्हायलाच हवा होता. पण तीन पिढ्या गेल्या की एका घराला तीस-चाळीस सह्या लागतात, त्यातल्या काही लिस्बनला, काही कॅनडात, एखादी कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. वाटणीची इन्व्हेंटरी केस चालते तोवर कौल कोण बदलणार? जो बदलेल त्याच्यावर बाकीचे संशय घेणार.

म्हणून पडकी घरं निम्मी आणि नवे फ्लॅट निम्मे. पुणेरी पाटींना जे घर मिळतंय ते नव्या इमारतीत असणार, पैज लावतो.

पुणेरी पाटी

नवीच इमारत आहे. दुसरा मजला. भिंतीला हात लावला, कोरडी होती. मे महिना आहे म्हणा.

गच्चीवरची भुतं

😂 मे महिन्यात मांडवीसुद्धा कोरडी वाटते.

बलकांव

आता पाटोवाल्यांच्या प्रश्नाकडे येतो, बराच वेळ कोणी तिकडे फिरकलं नाही. कागदावर रायबंदर पणजी महापालिकेतच आहे, आमचे नगरसेवक तिथे बसतात. म्हणजे उपनगरही नाही, शहरच. पण आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, सकाळी बस पकडताना तो 'पणजीला जातो' असंच सांगतो. माळ्यातला माणूस चर्चस्क्वेअरला जाताना असं म्हणतो का?

आणि बांधाने रायबंदर जोडलं असं तुम्ही म्हणता, त्याच बांधाने ते वेगळंही राखलं. मध्ये एवढा मोठा पट्टा मिठागरांचा, त्यात घर बांधता येत नव्हतं. पणजी पसरत पसरत ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी गिळत गेली, इकडे मात्र तिला चिखलाने अडवलं. रायबंदरचा संथपणा आमच्या स्वभावात नाही, त्या आगरांत आहे. उद्या ती भरली तर आम्ही वर्षभरात पाटोसारखे होऊ.

माळ्यातला

हे मला मान्य. पाटोवाले जिंकले नाहीत, मीही नाही, पण बलकांव बाबांचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक विसरू नका, तुमच्या-आमच्यासारख्यांची देवळं या पट्ट्यात पोर्तुगीजांनी कित्येक पिढ्या उभी राहू दिली नाहीत. पणजीच्या महालक्ष्मीला १८१८ मध्ये परवानगी मिळाली ती जुन्या काबिजादीतली (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातली) पहिली. म्हणून नदीकाठाच्या इतिहासात चर्च आणि इस्पितळं दिसतात, आणि हिंदू कुटुंबांचा माग काढायचा तर जिथे देव हलवले त्या फोंड्याच्या देवळांच्या वह्या चाळाव्या लागतात.

पाटोवाला

@बलकांव, हा कोन माझ्या डोक्यात नव्हता. बांध जोडतो तेवढाच तोडतोही, यावर वेगळा धागा होईल. @माळ्यातला, फोंतेयनचं उत्तर अजून बाकी आहे, मी मोजतोय.

चोडणची सून

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं तेव्हा रायबंदरवर वेगळा धागा काढा. पहाटेपासून चालत जाणाऱ्यांची रांग, त्यात हिंदूही पुष्कळ. त्या आठवड्यात आम्ही फेरीतून उतरून सरळ गर्दीतच मिसळतो, बस मिळायचा प्रश्नच नाही.

सासूबाईंची चेपणी

उशिरा आले. @आगरातलं मीठ दादा, कामाचं विचारते. चेपणीचे तोर (मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या) घालायचे आहेत, पिशवीतल्या मिठाने खारं पाणी गढूळ होतं आणि तोर मऊ पडतात. आगराचं जाडं मीठ रायबंदरला अजून मिळतं का?

आगरातलं मीठ

ताई, थोडी आगरं चालू आहेत. मेअखेरपर्यंत रस्त्याकडेला गोणी मांडलेल्या दिसतील. मूठभर हातात घेऊन बघा, ओलं लागलं तर दुसरी गोण उघडायला सांगा. घरी नेऊन एकदा उन्हात घाला आणि मगच बरणीत. तोर देठासकट घ्या.

सासूबाईंची चेपणी

रविवारी येते. दोन किलो पुरेल ना शंभर तोरांना?

तिसऱ्यांचं सुकं

नाही पुरणार. चार घ्या, आणि येताना तिसऱ्यांचा भाव विचारून ठेवा.